तीन अकादम्या, एक प्रश्न

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अनुदानाच्या काही फायली माझ्या टेबलावरून जात असत. अर्थशास्त्राचे शिक्षण ताजे होते. एकाच कामावर दोनदा खर्च दिसला की लेखणी शिवशिवत असे. अशाच एका फायलीवर मी टिपण लिहिले : देशात विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादम्या आहेत, तिघींचे उद्देश जवळजवळ एकच आहेत, तिघींनाही केंद्राचे अनुदान मिळते, सबब त्यांच्या विलीनीकरणाचा विचार व्हावा. फाईल परत आली. वरिष्ठांचा शेरा चार शब्दांचा होता : 'आधी यांचा इतिहास वाचा.'

तो इतिहास मुख्यतः एका मतभेदाचा आहे. प्रा. मेघनाद साहा यांनी १९३० मध्ये अलाहाबाद येथे संयुक्त प्रांतांची विज्ञान अकादमी स्थापन केली. संस्था प्रांताची होती, परंतु साहांची दृष्टी देशावर होती. जानेवारी १९३४ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन मुंबईस भरले, तेव्हा अध्यक्षपदावरून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या धर्तीवर अखिल भारतीय अकादमीची कल्पना मांडली. अकादमी हवी, याविषयी वाद नव्हता. ती कोठे असावी आणि कोणाच्या नेतृत्वाखाली असावी, येथे घोडे अडले.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेव्हा बंगळूरला होते. वाटाघाटी संपण्याची वाट न पाहता त्यांनी एप्रिल १९३४ मध्ये इंडियन अकादमी ऑफ सायन्सेसची नोंदणी केली. ३१ जुलै रोजी ६५ संस्थापक सदस्यांसह तिचे उद्घाटनही झाले. दुसऱ्या बाजूने जानेवारी १९३५ मध्ये कलकत्त्यास नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया उभी राहिली. भूगर्भशास्त्रज्ञ सर लुईस फर्मर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अलाहाबादची संस्थाही पुढे 'नॅशनल अकादमी' या नावाने ओळखली जाऊ लागली. पाच वर्षांत तीन अकादम्या!

सरकारने काय केले? १९४५ मध्ये कलकत्त्याच्या संस्थेला देशातील अग्रगण्य वैज्ञानिक संस्था म्हणून मान्यता दिली. ती दिल्लीस आली आणि १९७० मध्ये इंडियन नॅशनल सायन्स अकादमी झाली. उरलेल्या दोन मात्र कोणी बंद केल्या नाहीत. रामन नोव्हेंबर १९७० मध्ये निवर्तले, तोपर्यंत बंगळूरच्या अकादमीचे अध्यक्ष तेच होते.

तरुणपणी मी याला शासनाचा दुबळेपणा म्हटले असते. आज तसे म्हणवत नाही. अकादमी म्हणजे सरकारचा विभाग नव्हे. विभागातील अधिकारी आपले मत फाईलवर नोंदवू शकतो. निर्णय झाल्यावर त्याने तो राबवायचा असतो. अकादमीचा सदस्य सरकार नेमत नाही, त्याचे समव्यवसायी त्याला निवडतात. म्हणून निर्णयानंतरही 'हे चूक आहे' असे तो उघडपणे सांगू शकतो. तिची खरी उपयुक्तता यातच आहे. बाजारात एकच विक्रेता असू नये, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. सल्लागारही एकच असू नये, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

पण केवळ संख्येने काम भागत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याच्या लागवडीस स्थगिती दिल्यावर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जनुकीय बदल केलेल्या पिकांविषयी सहा अकादम्यांचे मत मागवले. त्यांत या तिघी होत्या, शिवाय अभियांत्रिकी, कृषी व वैद्यक या क्षेत्रांतील अकादम्याही होत्या. सप्टेंबरमध्ये सहा जणींचा मिळून एकच अहवाल आला आणि त्यातील काही मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या एका लेखातून जवळजवळ जसाच्या तसा उतरवलेला निघाला. मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. डिसेंबरमध्ये सुधारित अहवाल द्यावा लागला. मला त्यात उचललेल्या मजकुरापेक्षाही मोठी एक गोष्ट खटकली. सहा संस्थांनी एकाच कागदावर सह्या केल्या की सल्ला एकाचाच उरतो. वेगळे मत असलेच, तर ते नोंदवायला जागा राहिली नाही.

याउलट, २००७ पासून या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी विद्यार्थी व शिक्षकांसाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची योजना एकत्रितपणे चालवली. अर्ज एक, निवड एक. तेथे द्विरुक्ती खरोखरच टळली.

ते टिपण आज पुन्हा लिहायचे झाले तर मी विलीनीकरण सुचवणार नाही. खर्चाचे काम एकत्र व्हावे आणि मताचे काम स्वतंत्र राहावे, एवढेच लिहीन. सरकारने प्रश्न विचारला तर तिघींनी तीन उत्तरे द्यावीत. ती जुळली तर निर्णय घेणाऱ्याचा धीर वाढेल. न जुळली तर आणखी विचार करावा लागेल, आणि त्यात सरकारचे काही नुकसान नाही. साहा व रामन यांचे जुळले नाही, याची हळहळ पूर्वी मला वाटत असे. आता वाटते, त्या न जुळण्यातून देशाला जे मिळाले, त्याचा उपयोग करण्यात आपणच कमी पडलो.