पंधरा हजारांचा लॅपटॉप आणि तीस वर्षं जुनं स्वप्न

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण तो सुरू झाला एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून.

किन्हीराजाहून माझ्या मामेभावाचा मेसेज आला. सोबत ऑनलाइन सेलचा स्क्रीनशॉट. "दादा, पंधरा हजारात नवाकोरा लॅपटॉप येऊन रायला. घेऊन टाकू का?"

ज्यांना किन्हीराजा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिल्हा वाशीम, तालुका मालेगाव. नाशिकवालं मालेगाव नाही, आमचं वऱ्हाडातलं. सोयाबीन आणि तुरीचा भाग. हे पंधरा हजार म्हणजे मामानं सोयाबीन विकून बाजूला काढलेले पैसे. आता चुकलो तर पुढच्या हंगामापर्यंत विषय बंद. आणि मशीन वापरणार दोघं जण. मामेभाऊ बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याची मोठी बहीण एमपीएससीचा अभ्यास करते.

स्क्रीनशॉट उघडून बघितला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, विंडोज नाही. म्हणजे क्रोमबुकच्या जातीचं मशीन. सगळं काम इंटरनेटवर, ब्राउझरमध्ये. 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात सांगता आलं असतं. पण मी स्वतः एकदा अशा मशीनमध्ये फसलोय, म्हणून म्हटलं आधी नीट बघू. बघता बघता मी १९९५ सालात पोहोचलो. चला, तुम्हालाही घेऊन जातो.

मशीन स्वस्त कसं होतं?

१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. टेलिफोनच्या तारेवरून, ९.६ केबीपीएस वेगानं. आज आपण एक मीम फॉरवर्ड करतो ना, तेवढं उतरायला तेव्हा मिनिटं लागली असती.

गंमत बघा. त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९९५ मध्ये, ओरॅकल कंपनीचे लॅरी एलिसन पॅरिसमधल्या एका परिषदेत म्हणाले की पीसी हे उगाच गुंतागुंतीचं यंत्र आहे. त्यांची कल्पना होती 'नेटवर्क कॉम्प्युटर'ची. किंमत सुमारे ५०० डॉलर. मशीनमध्ये फारसं काही ठेवायचंच नाही. प्रोग्रॅम आणि फायली दूरच्या सर्व्हरवर, घरी फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि नेटवर्कची जोडणी.

क्रोमबुकची कल्पना ती हीच. फक्त सोळा वर्षं आधी आलेली.

ती का पडली? दोन कारणं. एक, नेटवर्क संथ होतं, सर्व्हरवरून काही यायचं तर वाट बघत बसा. दोन, पीसीच स्वस्त झाले. १९९७ मध्ये अमेरिकेत हजार डॉलरच्या आत चांगल्या कंपनीचा पीसी मिळायला लागला. थोडे जास्त पैसे टाकून सगळं करणारं मशीन मिळत असेल, तर अर्धं कोण घेणार?

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्त मशीन जादूनं स्वस्त होत नाही. त्यातून काहीतरी काढलेलं असतं आणि ते काम दुसऱ्या कुणावर तरी टाकलेलं असतं. तो दुसरा कोण आणि तो आपल्या गावात रोज हजर असतो का, एवढं विचारायचं.

रायगडमधली एक शाळा

आता महाराष्ट्रात येऊ. २००५ मध्ये एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप. नोव्हेंबरमध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत तो दाखवला गेला. वीज नसलेल्या गावांसाठी त्याला हातानं फिरवायचा दांडा होता, आणि तो दांडा तिथंच, सगळ्यांसमोर निखळला. विकायला आलेल्या मशीनवर दांडा नव्हता आणि किंमतही १०० नाही, १८० डॉलरच्या पुढे गेली होती.

पण यंत्र म्हणून ते भारी होतं. हिरवं-पांढरं, भर उन्हात वाचता येणारी स्क्रीन, खूप कमी वीज खाणारं. हार्ड डिस्क नाही, १ जीबी फ्लॅश मेमरी, २५६ एमबी रॅम. शेजारशेजारची मशीन आपसांत जोडली जायची.

२००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं या योजनेला नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. तरीही २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला, तो आपल्याकडेच. रायगड जिल्ह्यातल्या खैरात नावाच्या छोट्या वस्तीत. पहिली ते चौथीची शाळा, वीसेक मुलं, एकच शिक्षक. प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप. मुंबईच्या इतक्या जवळ, पण वस्ती अशी की ती लहान हिरवी मशीन घरातली सगळ्यात आधुनिक वस्तू असणार.

मग ते सगळ्या देशात का पसरलं नाही? त्याचं उत्तर दुसऱ्या देशांत सापडतं. उरुग्वेनं २००७ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले आणि सोबत शाळांना इंटरनेटही दिलं. ती योजना टिकली. पेरूनं आठ लाखांच्या वर लॅपटॉप वाटले, पण बऱ्याच ग्रामीण शाळांत इंटरनेटच नव्हतं. २०१२ मध्ये तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. लॅपटॉप तोच होता. त्याच्या मागे उभं राहणारं बाकीचं काही आलं नाही.

नेटबुक, आणि माझी फसगत

२००७ च्या शेवटी तैवानच्या असुस कंपनीनं 'ई पीसी' आणला. ७ इंची स्क्रीन, ४ जीबी स्टोरेज, लिनक्स. लोकांनी उड्या टाकल्या. वर्षभरात सगळ्या कंपन्यांची नेटबुक बाजारात होती. पण २००८ मध्येच एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्यानं सांगितलं की लिनक्सवाली नेटबुक परत येण्याचं प्रमाण विंडोजवाल्यांच्या चौपट आहे. लिनक्स वाईट होतं म्हणून नाही. लोकांनी खोका घरी नेऊन उघडला आणि त्यांना नेहमीचे प्रोग्रॅम सापडले नाहीत म्हणून.

यात मीपण आहे. बीटेकच्या पहिल्या वर्षाला मी जुनं नेटबुक घेतलं. स्वस्त होतं, बॅगेत मावत होतं, अजून काय पाहिजे? इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकलं तर ते उघडायलाच पाच मिनिटं. स्क्रीनची उंची फक्त ६०० पिक्सेल, त्यामुळे 'ओके'चं बटण स्क्रीनच्या खाली लपायचं. मी टॅब मोजून, न दिसणाऱ्या बटणावर अंदाजानं एंटर मारायचो. हसू नका! सबमिशनच्या रात्री मित्राच्या रूमवर जाऊन त्याचं मशीन मागितलं. पैसे वाचले होते, पण ते मित्राच्या झोपेतून वाचले होते.

आकाश

मग आपल्या सरकारचा प्रयत्न. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट आणला. डेटाविंड कंपनीचा, ७ इंची, २५६ एमबी रॅम. सरकारला साधारण सव्वादोन हजार रुपयांना पडणारा. आठवतंय का, तेव्हा सगळ्या पेपरात तोच होता.

प्रोसेसर मंद, टचस्क्रीन नखानं दाबून चालवायची, बॅटरी लवकर संपायची. त्याहून मोठी अडचण म्हणजे विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये सिम नव्हतं, फक्त वायफाय. आता सांगा, २०११ मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्या गावात वायफाय होतं? पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे गेला, तिथं प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली काम झालं आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारलेला 'आकाश २' आला. तो खूपच बरा होता. पण तोपर्यंत बाजारात स्वस्त अँड्रॉइड फोन यायला लागले होते.

त्याच २०११ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिली क्रोमबुक विक्रीला आली. भारतात ती आली २०१३ मध्ये, बावीस-सत्तावीस हजारांना. २०१५ मध्ये १२,९९९ रुपयांचीही आली. तरी आपल्याकडे फार खपली नाहीत. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि एलिसनच्या स्वप्नातला हरवलेला तुकडा, म्हणजे स्वस्त नेटवर्क, गावात आला. जुलै २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जिओबुकची किंमत होती १६,४९९ रुपये आणि त्यात ४जी सिमची सोय होती. 'आकाश'मध्ये जे नव्हतं, नेमकं तेच.

मग आता तरी घ्यायचा का?

इथे मी अडकलो, कारण एक गोष्ट मधल्या काळात बदललीय. १९९५ पासून २०११ पर्यंत ही सगळी मशीन अशा माणसासाठी बनत होती ज्याच्याकडे इंटरनेटची पहिली खिडकीच नव्हती. माझ्या मामेभावाकडे ती खिशात आहे. यूट्यूब, फॉर्म, सातबारा, बँक, सगळं फोनवर. म्हणजे लॅपटॉपनं त्याला तेच द्यायचं नाहीये, फोनवर जे होत नाही ते द्यायचंय.

म्हणून मी दोघांनाही एक काम दिलं. आठवडाभर वहीत तीन रकाने करा. फोनवर होणारी कामं, ब्राउझर आणि मोठी स्क्रीन पुरेल अशी कामं, आणि वेगळा प्रोग्रॅम टाकावाच लागेल अशी कामं. शिवाय एक संध्याकाळ डेटा बंद ठेवा आणि काय काय अडतं ते लिहा.

ताईची वही आली. जवळजवळ सगळं मधल्या रकान्यात. पीडीएफ, लेक्चर, नोट्स टाइप करणं, सराव परीक्षा, अर्ज. तिला क्रोमबुक अगदी फिट बसतं. बॅटरी बराच वेळ टिकते, व्हायरसची कटकट कमी, सुरू व्हायला काही सेकंद.

भावाच्या वहीत तिसरा रकाना भरलेला. सी आणि जावा, डेटाबेस, पुढे अँड्रॉइड स्टुडिओ. त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. शिवाय गावात टायपिंग-डीटीपीचं काम करून चार पैसे मिळवायचा त्याचा विचार. ते काम श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर चालतं, हिशोबाचं काम टॅलीवर. हे सगळे विंडोजचे प्रोग्रॅम. क्रोमबुकवर २०१८ पासून लिनक्स सुरू करता येतं, छोटे प्रोग्रॅम चालतात, मान्य. पण ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि लिनक्स दोघांना एका खोलीत राहायला लावणं म्हणजे भांडण ठरलेलं.

मी म्हटलं, एकच मशीन घ्यायचं तर जुना ऑफिसमधला, दुरुस्त करून विकतात तो विंडोज लॅपटॉप घ्या. ताईचं काम त्यावर होईल. भावाचं काम क्रोमबुकवर होणार नाही.

यावर ताईनं फोन केला. "दादा, तुझं सगळं खरं आहे. पण लाइट गेली की ते जुनं मशीन तासाभरात बंद पडते. माझी परीक्षा त्याच्या कोर्सआधी आहे. आणि सगळ्यांनी त्याचाच विचार करायचा का?"

मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं. मी रॅम मोजत होतो आणि ती वीज मोजत होती. खैरात आणि पेरूची गोष्ट वाचूनही मी तीच चूक करत होतो.

शेवटी आम्ही असं ठरवलं. जुना विंडोज लॅपटॉप घ्यायचा, पण नवी बॅटरी टाकूनच. जास्तीचे अडीच हजार मी दिले. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, कारण त्याखालच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ८ जीबी रॅम, एसएसडी. तपासायला मामेभाऊ स्वतः अकोल्याला गेला. सकाळी सहा ते अकरा मशीन ताईचं, हे मामानं घोषित केलं.

तुमच्या घरी ताईसारखा एकच वापरणारा असेल, तर बिनधास्त क्रोमबुक घ्या. फक्त दोन गोष्टी बघा. सेटिंगमध्ये अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख असते, ती वाचा. २०२१ आणि त्यानंतरच्या क्रोमबुकना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, तो हार्डवेअर बाजारात आल्यापासून मोजतात. सेलमध्ये फार स्वस्त दिसणाऱ्या जुन्या मॉडेलची गोम बहुतेक इथेच असते. आणि दुसरं, तुमच्या घरात, तुम्ही जिथं बसून अभ्यास करता त्या कोपऱ्यात, रात्री नऊ वाजता नेटवर्क किती येतं ते बघा. दुकानातलं नाही, घरातलं.

घरात लॅपटॉप घ्यायची चर्चा चालू असेल तर हा एपिसोड जो पैसे देणार आहे आणि जो वापरणार आहे, अशा दोघांनाही ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत फोन चार्ज करून ठेवा, आमच्याकडे लाइट जायची वेळ झाली!