जुन्या घराची सागवानी पाटाई काढताय? पहार लावण्याआधी हे वाचा

पर्वत पाटिया (सुरत) : कडोदऱ्याच्या रस्त्यावरचा पर्वत पाटिया, शेजारचं लिंबायत, गोडादरा, डिंडोली, हा सगळा पट्टा खान्देशी माणसांनी भरलेला. धुळे, नंदुरबार, जळगावकडून कापड धंद्यात आलेल्यांची आता तिसरी पिढी इथे नांदते. इथल्या फ्लॅटमध्ये लाकडी जमीन शोधूनही सापडायची नाही, सगळीकडे टाइल्स. लाकडाचा प्रश्न येतो तो गावाकडच्या घराचा. म्हातारे गेले, घराला कुलूप लागलं, भाऊ म्हणतो पाडून स्लॅब टाकू. मग माडीवरच्या सागाच्या फळ्यांचं काय?

बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं. पाडकाम करणाऱ्याला घर उक्तं द्यायचं, मजुरीच्या बदल्यात सामान त्याचं. सगळ्यात मोठा तोटा इथेच होतो, आणि तो कळतो फार उशिरा.

तोटा किती ते कागदावर काढता येतं. लाकूड घनफुटावर विकतात. फळीची लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. 8 फूट लांब, 9 इंच रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. 12 बाय 15 फुटांच्या माडीची दीड इंची पाटाई साडेबावीस घनफूट भरते. खालच्या कड्या वेगळ्या: 12 फुटी, 4 बाय 5 इंचाची एक कडी पावणेदोन घनफुटाला जरा कमी. कुजलेलं वजा करा, मग वखारीत जुन्या सागाचा त्या दिवसाचा भाव विचारा आणि त्यानंतरच उक्त्याची बोलणी करा.

आता काढण्याचं काम. आपल्याकडची माडीची जमीन म्हणजे वरून चिकटवलेलं कव्हर नव्हे. खाली लग, लगीवर कड्या, कड्यांवर फळ्या. किती घरांत फळ्यांच्या किंवा किलचणीच्या वर मातीचा थर देऊन सारवलेलं असतं. ती माती दिसते त्यापेक्षा फार जड असते, तेव्हा आधी ती उतरवायची. थोडं पाणी शिंपडून, घमेल्याने, कडेपासून. एका जागी ढीग केला तर तोच ढीग कडी मोडतो.

दुसरी गोष्ट टेकूची. खिळ्यांनी जखडलेल्या फळ्या कड्यांना आडव्या बांधून धरतात, आणि कड्या दोन्हीकडच्या भिंतींना. जुन्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती त्या आधारावरच उभ्या असतात. सगळी पाटाई एका दिवसात उचकटली की भिंत बाहेर झुकू शकते. म्हणून लगीखाली टेकू ठोकून घ्यायचे, वरचं छप्पर आधी उतरवायचं आणि पाटाई खणाखणाने काढायची. थोडक्यात, बांधताना जे शेवटी चढलं ते पहिल्यांदा उतरवायचं. भिंतीला फुगवटा किंवा उभी चीर दिसत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही खिळा काढू नये.

सुरुवात भिंतीलगतच्या फळीपासून. मधली फळी हट्टाने उचलायला गेलं की ती चिरते, कारण बऱ्याच घरांत एका फळीची जीभ शेजारच्या खाचेत बसलेली असते. पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि जोर खिळ्याच्या अगदी जवळ द्यायचा, दोन खिळ्यांच्या मधे नाही. गंजलेला खिळा निघत नसेल तर फळी थोडी उचलून डोकं कापून टाका. प्रत्येक फळीवर खडूने नंबर टाका, कामगार हसले तरी. पाय मात्र कड्यांवर टाकलेल्या जाड फळीवरच, आणि खालच्या खोलीत कोणी थांबायचं नाही.

टोच्याने प्रत्येक फळी टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर वाळवीने आतून पोकळ केलेली आहे. जुना तेलरंग असेल तर घासू नका. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा 2016 च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जाणं वाईट. सागाच्या भुशानेही काहींना खाज सुटते, शिंका येतात. तोंडाला मास्क लावा, निदान दुहेरी फडकं बांधा. काढलेल्या फळ्या सावलीत, मधे पट्ट्या ठेवून रचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या तर दमट राहून बुरशी धरते.

खुद्द सुरतेतही हे काम चालू आहे. गोपीपुरा, नानपुरा भागात लाकडी सांगाड्याची घरं अजून आहेत. 1837 च्या आगीत या शहरातली हजारो घरं जळाली, त्यात लाकडाचा भरपूर वापर हेही कारण होतं. चांगला साग डांगच्या जंगलात. इंग्रजांनी 1842 मध्ये भिल्ल राजांकडून ती जंगलं भाडेपट्ट्याने घेतली ती या सागासाठीच.

पर्वत पाटियातल्या घराचं दार किंवा देव्हारा गावच्या सागाचा करायचा असेल तर वाट नवापूरवरून. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं तेच नवापूर. साग हे वाहतुकीच्या परवान्यातलं लाकूड. टेम्पोत भरलेला साग जुन्या घराचा की जंगलातून ताजा तोडलेला, हे नाक्यावर तोंडी सांगून भागत नाही. घर पाडण्याआधीचे फोटो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि दाखला घेऊन आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात जा, तुमच्या मालाला काय लागतं ते लेखी विचारा. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन ट्रान्झिट पासची सोय आहे, पण अर्ज गाडी भरण्याआधी करायचा.

नमुना 8 बघताना नावंही बघून घ्या. फळ्या घरात ठोकलेल्या आहेत तोवर त्या घराचा भाग, स्थावर. उचकटल्या की जंगम माल, आणि जंगम माल एका रात्रीत गावाबाहेर जाऊ शकतो. वडिलोपार्जित घरात 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा भावांनी आपसात फळ्या वाटून घेतल्या म्हणून वाटणी झाली असं होत नाही. किती फळ्या, किती कड्या, किती घनफूट, कोणी काय नेलं, याची यादी करून बहिणींसकट सगळ्यांच्या सह्या घ्या. हे टेकू ठोकायच्या आधी, आणि सगळे गावी आलेले असतानाच.