चार पानांचा निबंध आणि सोबतचे पत्र

४ जून १९२४. ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रपाठक असलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी इंग्रजीत लिहिलेला एक छोटा शोधनिबंध बर्लिनला आल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पत्त्यावर धाडला. बोस तेव्हा तीस वर्षांचे होते. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि युरोपातील विज्ञानवर्तुळात त्यांचे नाव अपरिचित होते. निबंधासोबत एक पत्र होते. निबंध छापण्याच्या योग्यतेचा वाटल्यास तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था करावी, एवढीच विनंती त्यात होती. अनुवाद करण्याइतके जर्मन आपल्याला येत नाही, हेही बोस यांनी मोकळेपणाने कळवले होते.

संशोधन पूर्ण होणे आणि ते प्रसिद्ध होणे यांमध्ये हस्तलिखिताची एक वाट असते. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात ही वाट जितकी निर्णायक ठरली, तितकी तिची चर्चा मात्र होत नाही.

बोस यांच्या त्या निबंधाची घडण आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्यात दावा एकच होता. प्लांकचा प्रारणनियम तोवर वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध केला गेला होता. पण त्यातील एका गुणकासाठी अभिजात विद्युतगतिकीचा आधार घ्यावा लागे. ज्या सिद्धान्ताला पुंजकल्पना छेद देते, त्याच सिद्धान्ताची उसनवारी करून पुंजनियम सिद्ध करायचा, ही तार्किक विसंगती बोस यांनी आरंभीच दाखवली. मग प्रकाशकणांच्या अवस्थांचा अवकाश ठरावीक आकारमानाच्या कोष्ठांत विभागून, त्या कोष्ठांची नव्या रीतीने मोजणी करून त्यांनी नियम सिद्ध केला. उणीव कोणती, उपाय कोणता आणि निष्पन्न काय, या तीनच पायऱ्या. छापील निबंध जेमतेम चार पानांचा झाला.

सोबतचे पत्रही तितकेच नेटके होते. आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद करण्याची परवानगी पूर्वी कोलकात्याहून मागण्यात आली होती, याची बोस यांनी आठवण करून दिली. मेघनाद साहा आणि बोस यांनी केलेले ते अनुवाद १९२० साली कोलकाता विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. स्वतःची ओळख पटवायला त्यांनी पदव्यांची यादी दिली नाही. केलेल्या कामाचा दाखला दिला.

आइनस्टाइन यांनी निबंधाचा जर्मन अनुवाद स्वतः केला. २ जुलै १९२४ रोजी तो नियतकालिकाकडे पोहोचला आणि त्याच वर्षी छापून आला. लेखकाच्या नावाच्या जागी केवळ ‘बोस’ आणि ‘ढाका विद्यापीठ, भारत’ एवढेच होते; अद्याक्षरेही नव्हती. शेवटी अनुवादकाची टीप होती. तीत या सिद्धतेचे महत्त्व सांगून, हीच पद्धत वायूच्या पुंजसिद्धान्तालाही लागू पडते हे आपण अन्यत्र दाखवू, असे आइनस्टाइन यांनी म्हटले होते. त्याच विस्तारातून पुढे बोस-आइनस्टाइन संघननाचे भाकीत आले. ते प्रयोगशाळेत साकार व्हायला १९९५ साल उजाडावे लागले.

या कथेचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. बोस यांनी जूनमध्येच आणखी एक निबंध पाठवला होता. आइनस्टाइन यांनी त्याचाही अनुवाद करून तो छापवून आणला. मात्र त्याखाली आपल्या असहमतीची टीप सविस्तर कारणांसह जोडली. पहिल्या निबंधाला प्रशंसा आणि दुसऱ्याला जाहीर आक्षेप. दोन्ही वेळा निबंध वाचकांसमोर गेला, दोन्ही वेळा परीक्षकाचे नाव उघड होते आणि त्याची कारणेही.

चार वर्षांनी कोलकात्यात हस्तलिखिताचा निराळा पैलू दिसला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन आणि कृष्णन यांच्या प्रयोगात विकीर्ण प्रकाशाच्या नव्या रेषा दिसल्या. दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांना बातमी गेली. १६ मार्च रोजी बंगळूरला रामन यांनी व्याख्यान दिले. ते ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून त्याच्या प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना झाल्या. हे नियतकालिक रामन यांनीच १९२६ साली सुरू केले होते. मॉस्कोमध्ये लांड्सबेर्ग आणि मांदेलश्ताम यांना हाच परिणाम स्फटिकांत आठवडाभर आधी दिसला होता. परंतु त्यांचा निबंध जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. १९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. बोस यांना परक्या दारावर थाप मारावी लागली होती. रामन यांच्यापाशी स्वतःचे दार होते.

मात्र वेग आणि ओळख यांवरच सारे सोपवता येत नाही, हे १९३६ साली खुद्द आइनस्टाइन यांच्या बाबतीत दिसून आले. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा निष्कर्ष काढणारा निबंध त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे परीक्षणासाठी दिला आणि गंभीर आक्षेपांसह परत आला. छापण्यापूर्वी निबंध कोणाला दाखवण्याची मुभा आपण दिलेली नव्हती, असे चिडून कळवत आइनस्टाइन यांनी तो मागे घेतला. पण १९३७ साली अन्य नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांचे म्हणणे योग्य होते. याच लहरी २०१५ साली प्रत्यक्ष टिपल्या गेल्या आणि त्यांच्या वेधासाठीची भारतीय वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात आकार घेत आहे.

पीअर रिव्ह्यू म्हणजे तज्ज्ञांकडून परीक्षण ही आज विज्ञानाची सनातन रीत वाटते. ती तशी नाही. ‘नेचर’सारख्या नियतकालिकानेही बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण अनिवार्य केले ते १९७३ साली. सामाजिक शास्त्रांत ही पद्धत आणखी एक पाऊल पुढे गेली. संज्ञापन-अभ्यासासारख्या क्षेत्रात लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावे एकमेकांपासून झाकण्याची प्रथा रुळली. त्यामुळे तेथे हस्तलिखित सिद्ध करणे हे स्वतंत्र काम ठरते. नाव-पत्ता असलेले पान वेगळे ठेवायचे, आभार काढून टाकायचे, स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख परक्याच्या कामासारखा करायचा आणि संगणकीय फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले नावही पुसायचे. या नियमांनुसार अनुवादाची आठवण करून देणारे बोस यांचे पत्र परीक्षकापर्यंत पोहोचले नसते. पण तशा पत्राची गरजही भासू नये, हाच या पद्धतीचा हेतू आहे.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण देशातील ताज्या घडामोडींत आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा व्याप आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्था आणि संशोधकांवर आली आहे.

पहिल्या निर्णयाने वाचनाचे दार उघडते. लेखनाचे दार त्याने आपोआप उघडत नाही. दुसऱ्या निर्णयाने यादीचा आधार गेला आणि निवडीचा विवेक विद्यार्थ्याच्या पदरी आला. पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापून देणाऱ्यांच्या बाजारात हा विवेक महाग पडू शकतो. निबंध कोण वाचणार, कोणत्या कारणांनी स्वीकारणार किंवा नाकारणार आणि ती कारणे लेखकाला कळणार का, हे प्रश्न हस्तलिखित पाठवण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.

आइनस्टाइन यांनी बोस यांना पाठवलेल्या पोस्टकार्डामुळे त्यांचा युरोपचा मार्ग सुकर झाला आणि पुढे डॉक्टरेट नसतानाही ढाक्यात प्राध्यापकपद मिळाले. परंतु ते पोस्टकार्ड मिळवून देणारी गोष्ट अखेर ती चार पानेच होती. आज भारतातील एखाद्या लहान महाविद्यालयात तशीच चार पाने लिहिली जात असतील. त्यांना आइनस्टाइन भेटेलच असे नाही. नि:पक्षपातीपणे वाचणारा परीक्षक मात्र भेटायलाच हवा.