फुटणारी चिमणी, पडणारा खांब

हिंदुस्थानातल्या गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने दिली. पालिकेने कोणती कामे करावीत हे त्याच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. सार्वजनिक रस्ते, गटारे आणि तळी बांधणे, दुरुस्त करणे, स्वच्छ ठेवणे, तिथे दिवे लावणे आणि पहारा ठेवणे. दिवे आणि पहारा या यादीत शेजारी शेजारी बसले आहेत, आणि हे शेजारपण मला फार बोलके वाटते. पहारा एकदा ठेवला की संपले, असे कधी होत नाही. तो रोज रात्री नव्याने ठेवावा लागतो. दिवाबत्तीही त्याच जातीचे काम आहे, अशी समजूत त्या यादीमागे दिसते. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्या सात वर्षांत या भागात पालिकांची रांगच लागली. सातारा, इस्लामपूर आणि आष्टा १८५३ मध्ये, विटा १८५४ मध्ये, कराड १८५५ मध्ये. पुणे-मुंबईबाहेरच्या एवढ्या लहान गावांनी रस्त्यावरचा दिवा ही सगळ्यांची सामायिक जबाबदारी मानली, तिला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. या काळात दिवा कितीतरी पटीने सुधारला. मात्र तो रोज पाहायचा असतो ही जाणीव हळूहळू सुटत गेली. सातारा आणि सांगलीच्या दिव्यांचा इतिहास मला याच सुटत गेलेल्या जाणिवेचा इतिहास वाटतो.

पालिकांच्याही आधीची व्यवस्था पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. मराठेशाहीत देवळाला दिवा अर्पण करायचा म्हणजे समई देऊन मोकळे व्हायचे, असा व्यवहार नव्हता. नंदादीपासाठी जमीन इनाम दिली जाई आणि तिच्या उत्पन्नातून तेल-वातीचा खर्च चाले. कुठे तेलाच्या घाण्यावर देवाचा हक्क असे. ज्याने दिवा लावला त्याने तो तेवत ठेवण्याची सोयही त्याच कागदात लिहून दिली. दिवा लहान होता, गाभाऱ्यापुरता होता, रस्ता त्याने उजळत नव्हता हे खरे. पण तेलाची तरतूद केल्यावाचून दिवा दिला असे म्हणता येत नाही, हा विचार त्यात होता. आजच्या अंदाजपत्रकात खांब उभारण्याचा खर्च एका शीर्षाखाली आणि देखभालीचा दुसऱ्याच शीर्षाखाली पडतो, पहिल्याचे उद्घाटन होते आणि दुसऱ्याला कात्री लागते, तेव्हा त्या जुन्या इनामपत्रांतले शहाणपण उठून दिसते.

पालिकेचा दिवा म्हणजे लाकडी किंवा लोखंडी खांबावर काचेची पेटी, आत रॉकेलचा दिवा. तो लावणारा माणूस तिन्हीसांजेच्या आधी निघे. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा, कमरेला फडके. प्रत्येक खांबाला शिडी लावायची, पेटीचे दार उघडायचे, चिमणीवरची कालची काजळी पुसायची, वातीचे जळके टोक कातरायचे, तेल भरायचे, वात पेटवायची आणि ज्योत धूर सोडणार नाही इतपत खाली घ्यायची. एका दिव्याला असा सगळा सोपस्कार, मग पुढचा खांब. चांदण्या रात्री दिवे न लावण्याची काटकसर अनेक पालिका करीत, म्हणजे पंचांग पाहून दिवाबत्ती चाले. हा उजेड फार थोडा होता. मुख्य पेठेपलीकडे तो जात नसे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर तो दुरूनच दिसे. त्या माणसाचा पगार तुटपुंजा होता. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की गावातल्या प्रत्येक दिव्याला दिवसातून एकदा माणसाचा हात लागत होता. काच तडकली, खांब कलला, बिजागरी गंजली, तर ते कुणीतरी त्याच संध्याकाळी पाहत होते. तपासणी हे वेगळे काम नव्हते, ती दिवा लावण्यातच सामावलेली होती.

या काळाचा एक साक्षीदार कराडजवळ आहे. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानच्या पाठबळावर काच कारखाना उभारला आणि त्यावरून त्या वसाहतीचे नावच ओगलेवाडी पडले. इथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. स्वदेशी उद्योगाचा मानबिंदू म्हणून त्याचे कौतुक झाले, ते रास्तच होते. मला मात्र त्यातली चिमणी महत्त्वाची वाटते. कंदिलाची चिमणी फुटणार हे सगळ्यांना ठाऊक असते. पावसाचा थेंब गरम काचेवर पडला की ती तडकते, पुसताना हातातून निसटते. म्हणून कंदील फेकून दिला जात नसे आणि चिमणी फुटली म्हणून कंदील वाईट ठरत नसे. वाण्याच्या दुकानात पेंढ्यात गुंडाळलेली दुसरी चिमणी मिळे, आणि कारखाना कंदिलाइतकाच या सुट्या चिमण्यांसाठीही चाले. जी वस्तू फुटणार ती स्वस्त असावी, पटकन बदलता यावी आणि जवळपास मिळावी, हे तीन नियम कुठल्याही पुस्तकाशिवाय लोकांच्या अंगवळणी पडले होते. पडणाऱ्या खांबाची सारी विद्या याच तीन नियमांवर उभी आहे, पण त्याकडे नंतर येतो.

मग वीज आली. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातच कोयनेचा प्रकल्प झाला, १९६२ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा मुंबईपर्यंतचा वीजपुरवठा कोलमडला. एवढा या खोऱ्याचा राज्याला आधार होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाने गावोगाव तारा नेल्या आणि ज्या वाड्यांनी कधी पालिकेचा कंदील पाहिला नव्हता त्यांच्या चौकात बल्ब लागला. हे काम मोठे आहे, त्याची थोरवी कमी लेखून चालणार नाही. पण याच टप्प्यावर एक गोष्ट निसटली. दिवे लावायला आता शिडी घेऊन फिरावे लागेना. एक बटण दाबले की सगळी गल्ली उजळू लागली, पुढे बटणाची जागा टायमरने घेतली. श्रम वाचले हे चांगलेच झाले, पण श्रमांबरोबर रोजची नजरही गेली. दिवा बंद पडला हे आता कुणी तक्रार करील तेव्हा कळते, आणि खांब बुडाशी गंजला हे तो पडेल तेव्हा.

जबाबदारीही वाटली गेली. खेड्यात खांब आणि तार महावितरणची, त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, वीजबिल पंचायतीने भरायचे आणि वायरमनची वाट सगळ्यांनी पाहायची. शहरात आणखी गुंता. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांच्या दोन वेगळ्या संस्थानांची गावे होती. त्यांचे जुने-नवे खांब एका कारभाराखाली आले. कायदा मात्र अजून जुन्याच ओळीवर ठाम आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. ग्रामपंचायतीच्या करपट्टीवर तर घरपट्टीबरोबर ‘दिवाबत्ती कर’ असा स्वतंत्र रकाना असतो. तरीही २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली आणि सरपंच मंडळी रस्त्यावर उतरली. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिले भरण्याचा मार्ग सरकारने काढला. गावाने दिव्याच्या नावाने कर दिला आणि गाव अंधारात राहिले. नंदादीपाच्या इनामाशी हे ताडून पाहिले म्हणजे काय हरवले ते समजते.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की आता एलईडी आले, त्यांना देखभाल फारशी लागत नाही. देशभरात पथदिवे बदलण्याचा केंद्राचा कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला, विजेची मोठी बचत झाली. हिशेब मांडला तर दिवसाला बारा तास म्हणजे वर्षाला सुमारे ४,४०० तास, आणि पन्नास हजार तास टिकणारा दिवा अकरा वर्षे चालावा. पण हे आयुष्य प्रकाश देणाऱ्या चकतीचे आहे. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर विजेच्या चढउताराने आधीच जळतो, झाकणातून पाणी शिरते, जमिनीखालची केबल खोदाईत तुटते, पॅनेलमधला टायमर बिघडतो. आणि खांबाला तर एलईडीने काहीच दिलेले नाही. रस्त्यावरचा कुठलाही जुना लोखंडी खांब बुडाशी वाकून पाहावा. काँक्रीटचा ओटा आणि लोखंड जिथे भेटतात तिथे पावसाचे पाणी साचते, रंगाला फुगे येतात, नखाने खरवडले तर गंजाची पापुद्री हातात येते. बुडाजवळचे लहान दार कधीच नाहीसे झालेले असते आणि आतल्या तारांवर चिकटपट्टीचे वेढे असतात. मुलांच्या उंचीवर. कृष्णाकाठी याला पुराची जोड मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ चा पूर. दर वेळी पुराच्या भागातली वीज बंद करावी लागली आणि पाणी उतरल्यावर चिखल भरलेल्या पेट्या, कुजलेली जोडणी मागे राहिली. दिवा नवा असून खांब म्हातारा असेल तर त्या दिव्याचे आयुष्य अकरा वर्षे म्हणण्यात अर्थ नाही.

आता पडणारा खांब. १९६० च्या दशकात अमेरिकेत रस्त्याकडेच्या खांबांवर आदळून मरणाऱ्यांचा विचार सुरू झाला, आणि खांब जितका भक्कम तितका तो घातक, हे अभियंत्यांनी मान्य केले. त्यातून दोन युक्त्या निघाल्या. एकीत खांब अॅल्युमिनियमच्या ओतीव पेटीवर बसवतात. मोटार आदळली की ती पेटी फुटते आणि खांब सुटतो. दुसरीत दोन लोखंडी पट्ट्या उघड्या खाचांतल्या बोल्टनी एकमेकींवर आवळलेल्या असतात. धक्का बसला की बोल्ट खाचेतून निसटतात, वरची पट्टी सरकते, खांब उडतो आणि मोटार खालून निघून जाते. आतली वीजजोडणीही त्याच क्षणी तुटेल अशी केलेली असते. वारा-पावसात खांब उभा राहतो, कारण वाऱ्याचा जोर वर लागतो आणि मोटारीचा बुडाशी. चिमणीचाच न्याय आहे हा, फुटायचे ते स्वस्त अंगाने फुटावे. आपल्याकडचा रूढ खांब याच्या उलट आहे. जाड बूड, काँक्रीटचा पाया, चार बोल्ट. विजेच्या जुन्या तारांसाठी तर रेल्वेचे रूळच खांब म्हणून रोवलेले आहेत, आणि रुळावर आदळणाऱ्या गाडीचे काय होते ते सांगायला नको. पुण्याहून साताऱ्यामार्गे कागलला जाणारा महामार्ग चौपदरी झाल्यावर गाड्यांचा वेग वाढला. शेंद्रे, कराड, पेठ नाक्यापाशी महामार्ग आणि गावरस्ता एकत्र येतात, तिथे दिवेही हवेत आणि खांबही दूर हवेत.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की सांगलीच्या मारुती चौकात किंवा साताऱ्याच्या राजपथावर खांब सुटून पडला तर मोटारवाला वाचेल आणि पायी चालणारा मरेल. हे बरोबर आहे, आणि ज्या देशांत असे खांब वापरतात तेही माणसांच्या वर्दळीत ते टाळावेत असेच सांगतात. तेव्हा ही सूचना पेठेसाठी नाहीच. ती गावाबाहेरच्या वेगवान रस्त्यासाठी आहे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक जीव दुचाकीस्वारांचे जातात आणि दुचाकीच्या धक्क्याने हा खांब सुटत नाही, कारण त्याचे मोजमाप मोटारीच्या वजनावर केलेले आहे. दुचाकीस्वाराला वाचवतात दोन गोष्टी. खांब रस्त्याच्या कडेपासून लांब असणे आणि त्यावरचा दिवा चालू असणे. म्हणजे इथेही मुद्दा फिरून देखभालीवरच येतो. तिसरा आक्षेप चोरीचा आणि खर्चाचा. अॅल्युमिनियमची पेटी रातोरात भंगारात जाईल, पडलेला खांब पुन्हा कोण उभा करणार? या शेवटच्या प्रश्नात सगळे आले. पडणारा खांब त्याच गावाने लावावा जिथे तो दुसऱ्या दिवशी उचलला जाईल, सुटा भाग गोदामात असेल आणि बोल्ट ठरल्या ताकदीनेच आवळले आहेत का हे पाहणारा माणूस नेमलेला असेल. फार घट्ट आवळला तर तो खांब साध्या खांबाइतकाच घातक होतो. ही व्यवस्था नसेल तर पडणारा खांब आणू नये, हे मी मान्य करतो. पण ही व्यवस्था नसेल तर न पडणारा खांबही सुरक्षित राहत नाही. तो गंजून आपणहून पडतो किंवा पावसात त्यात वीज उतरते.

म्हणून नव्या खांबांच्या आधी मागायला हवा तो दिवे पाहत फिरणारा माणूस. दर पन्नास-शंभर खांबांमागे एक माणूस, प्रत्येक खांबावर क्रमांक, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुडाची तपासणी, आणि निविदेत खांबाच्या किमतीला जोडूनच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम. यात काही नवे शोधून काढायचे नाही. इनाम देणाऱ्याला आणि शिडी घेऊन फिरणाऱ्याला ते ठाऊक होते. आपल्या करपट्टीवर दिवाबत्तीचा रकाना आहे. पुढच्या ग्रामसभेला किंवा प्रभागाच्या बैठकीला जाताना ती पावती सोबत न्या, आणि आपल्या हद्दीतले कोणते खांब बुडाशी गंजले आहेत, शेवटचे ते कुणी आणि कोणत्या तारखेला पाहिले, याची यादी मागा.