पॅलेडियमची कांडी
* फ्लाइशमन व पॉन्स यांनी २३ मार्च १९८९ रोजी युटामध्ये जाहीर केलेल्या शीत संमीलनाच्या प्रयोगातले ऋणाग्र. इथे नुसते ‘शुद्ध पॅलेडियम’ लिहून भागत नाही. कांडी ओतीव की ओढीव, तापवून मऊ केली होती का, हीण किती, हे नोंदवायलाच हवे. प्रयोगातल्या जड पाण्यातला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, मुरताना धातू फुगतो. बारीकशी भेग पडली तरी वायू तिथून निसटतो. अशाच प्रयोगांवर काम केलेल्या मॅककुब्री यांच्या मते पॅलेडियमच्या दर १० अणूंमागे ड्युटेरियमचे साधारण ९ मुरल्याशिवाय जादा उष्णता दिसत नाही. म्हणून कांडीचा पूर्वेतिहास न देता आलेले होकार आणि नकार, दोन्ही मी अपुरे मानतो. जड पाणीही झाकूनच ठेवावे लागते. उघडे राहिल्यास हवेतल्या बाष्पामुळे त्यात साधे पाणी मिसळते. ‒ संपा.