नोटा, कोरीव दारं आणि वॉलपेपर : बाउहाउसमध्ये अक्षर कसं शिकवलं गेलं

सुरुवात एका नोटेपासून करू या.

ऑगस्ट १९२३. जर्मनीत महागाईचा असा भडका उडालेला, की पगार हातात पडला की लोक दुकानाकडे धावत. संध्याकाळी त्याच पैशांत निम्मा माल येईल याची खात्री नाही. थ्युरिंगिया राज्याच्या बँकेला तातडीच्या नोटा छापायच्या होत्या. दहा लाख मार्कांची, वीस लाखांची, थोड्याच दिवसांनी पाच कोटींची. हे काम मिळालं वायमारच्या बाउहाउसमधल्या एका विद्यार्थ्याला. हर्बर्ट बायर, वय तेवीस. त्यानं वेलबुट्टी काढली नाही, कुणाचा चेहरा काढला नाही. जाड, काळे, फाटे नसलेले आकडे, लांबून वाचता येतील असे. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले, म्हणजे त्या नोटांची किंमत तोवर कागदाइतकीही उरली नव्हती.

आता गंमत बघा. हा मुलगा जिथे शिकत होता, त्या शाळेत अक्षरजुळणी शिकवण्याची सोयच नव्हती. वायमारमध्ये छापखाना होता, पण तो चित्रांचा : लाकडी ठसे, शिळाछाप, ताम्रपट. लायोनेल फायनिंगर त्याचा प्रमुख, आणि तो मनानं चित्रकार. खिळे, केस, कंपोझिंग स्टिक यांतलं तिथे फारसं काही नव्हतं. मग टायपोग्राफी आली कुठून? आमचं उत्तर असं, की ती बरीचशी कामाच्या मागणीतून आली. लास्लो मोहोली-नॉज १९२३च्या वसंतात तिथे शिकवायला आला आणि नव्या टायपोग्राफीचा आग्रह त्यानं धरला, हे खरंच. पण आग्रह एकीकडे आणि उद्या सकाळी छापायला द्यायची नोट एकीकडे.

त्याच उन्हाळ्यात शाळेला एक मोठं प्रदर्शन भरवावं लागलं. 'लागलं' म्हणतो, कारण वॉल्टर ग्रोपियसच्या मते ते भरवायची वेळ अजून आली नव्हती. सरकार म्हणत होतं, चार वर्षं पैसे घेताय, काय केलंत ते दाखवा. म्हणजे एका अर्थी इथे गिऱ्हाईक खुद्द सरकारच. मग भित्तिपत्रकं आली, पोस्टकार्डं आली, ग्रंथ आला. ग्रंथाची मांडणी मोहोली-नॉजची, मुखपृष्ठ बायरचं. आणि प्रदर्शनाचं जे भित्तिपत्रक आज प्रत्येक पुस्तकात दिसतं, ते योस्ट श्मिट या विद्यार्थ्याचं.

या योस्ट श्मिटपाशी आपण जरा थांबू. बाउहाउसचा विषय निघाला की क्ले, कँडिन्स्की, ग्रोपियस ही नावं येतात आणि हा माणूस मागे राहतो. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेला, तिशीकडे झुकलेला हा विद्यार्थी. त्याच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम अक्षरांचं नव्हतंच. बर्लिनमध्ये आडोल्फ झोमरफेल्ड नावाचा लाकडाचा व्यापारी आणि बांधकाम कंत्राटदार होता. युद्धनौका मोडून निघालेलं सागवान त्याच्याकडे पडलेलं होतं. त्यातून १९२०-२१मध्ये ग्रोपियस आणि आडोल्फ मायर यांनी त्याचं घर बांधलं. आतलं काम विद्यार्थ्यांनी केलं : योझेफ आल्बर्सनं रंगीत काचा, मार्सेल ब्रॉयरनं खुर्च्या, श्मिटनं दारं आणि जिन्याचं कोरीवकाम. लाकडावर छिन्नी चालवताना उजवीकडची जागा भरली तर डावीकडची किती मोकळी ठेवायची, हे हाताला कळतं. १९२३च्या भित्तिपत्रकातली तिरपी, फिरती रचना बघताना आम्हाला ते दार आठवतं. याला पुरावा मागाल तर देता येणार नाही, तो आमचा डोळा आहे एवढंच.

पुढे राजकारण फिरलं. १९२४च्या निवडणुकीत उजव्या पक्षांचं पारडं जड झालं, शाळेचं अनुदान निम्म्यावर आलं आणि १९२५मध्ये बाउहाउस देसाऊला गेलं. तिथे मात्र खरा छापखाना मिळाला. बायर आता शिक्षक, श्मिट अक्षरलेखन शिकवणारा. खिळ्यांच्या केस समोर, छोटं यंत्र बाजूला. काम काय? शाळेची पत्रं, फॉर्म, माहितीपत्रकं, वस्तूंचे कॅटलॉग, आणि बाहेरून येईल ते. विद्यार्थ्यानं मांडणी कागदावर काढायची आणि स्वतःच खिळे जुळवून बघायची. कागदावर सुंदर दिसणारी ओळ स्टिकमध्ये बसत नाही, हे मास्तरांनी सांगावं लागत नाही, शिसंच सांगतं.

याच छापखान्यातून १९२५मध्ये ते प्रसिद्ध खूळ निघालं : फक्त लहान अक्षरं वापरायची, मोठी बंद. आपल्याला यातला धक्का पटकन कळणार नाही, कारण देवनागरीत मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं. ते काढून टाकणं म्हणजे आपल्याकडे कुणी शिरोरेघाच पुसावी, असं लोकांना वाटलं. शाळेचं म्हणणं साधं होतं : बोलताना मोठं अक्षर ऐकू येत नाही, मग लिहिताना दोन संच का? वेळ वाचतो, खिळे वाचतात. हा विचार केवळ कलावंताच्या डोक्यातून आला नसता असं आम्हाला वाटतं. त्याच्यामागे केस भरणारा, खिळे परत लावणारा हात आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. आमच्याकडेही वर्षाला दोन-तीनदा कुणी ना कुणी येतं : "मुलं आहेत ना तुमच्याकडे, एक लोगो करून द्या की, त्यांना अनुभव मिळेल." एकदा एका संस्थेनं अख्ख्या वर्गाकडून माहितीपत्रक करून घेतलं, सात वेळा बदलायला लावलं आणि छापताना मुलांची नावं गाळली. मुलं शिकली का? शिकली. पण काय शिकली, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही.

बाउहाउसमध्येही हा प्रश्न होता. १९२८मध्ये ग्रोपियस आणि बायर दोघंही गेले. हानेस मायर संचालक झाला, जाहिरात विभाग श्मिटकडे आला. मायरला खरीखुरी कामं हवी होती, साध्या माणसाच्या घरात पोचणारी. १९२९मध्ये राश या वॉलपेपर कारखान्याशी करार झाला. कारखानदाराची बहीण मारिया राश ही वायमारच्या बाउहाउसची विद्यार्थिनी, ओळख तिच्यामुळे. विद्यार्थ्यांची स्पर्धा लावली, बारीक पोताचे, शांत रंगांचे नमुने निवडले, जाहिराती श्मिटच्या विभागानं केल्या. शाळेनं बाजारात आणलेल्या सगळ्या वस्तूंत हा वॉलपेपर सर्वांत जास्त चालला. ब्रॉयरच्या नळीच्या खुर्चीचं नाव आपण घेतो, पण शाळेला उत्पन्न दिलं या भिंतीच्या कागदानं. आणि नमुन्यांच्या पुस्तकावर नाव एकच : बाउहाउस. कोणती रेघ कोणत्या विद्यार्थ्याची, हे गिऱ्हाइकाला कळायचं कारण नव्हतं.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं गेलं १८७८ ते १८८८मध्ये. त्यावरचं बरंच कोरीवकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आपल्या जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. स्टीव्हन्सचं नाव सगळ्यांना ठाऊक. त्या पानाफुलांतलं एक पान कुणी कोरलं, ते कोण सांगणार?

मायरला १९३०मध्ये काढून टाकलं. त्याच्या जागी आलेल्या मीस फान डर रोहनं उत्पादनाला कात्री लावून शाळा वास्तुकलेकडे वळवली. १९३२मध्ये देसाऊ बंद, १९३३मध्ये बर्लिनही बंद. वॉलपेपर मात्र राशकडून त्यानंतरही विकला जात राहिला, नाझी राजवटीत, बाउहाउस याच नावानं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.