आठवड्याची शाळा

खेड्यात माणूस आजारी पडला की त्याच्याकडे प्रथम कोण पाहते, हा प्रश्न आपल्याकडील वैद्यकाच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. त्यांनी महाविद्यालये मोजली, रुग्णालयांच्या कोनशिला वाचल्या, नामवंत शल्यविशारदांची चरित्रे लिहिली. परंतु पदवीधर डॉक्टरच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी रुग्णाने कोणाचा ना कोणाचा सल्ला घेतलेला असतोच. कधी तो सुईणीचा असतो, कधी कंपाउंडरचा, कधी मिशनच्या दवाखान्यातील धर्मभगिनीचा, तर अलीकडे आशाताईचा. या पहिल्या माणसाला कोणी, किती आणि मुख्य म्हणजे किती वेळा शिकविले, याचा शोध घेऊ लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्याला शिकवावे, असे गेली शंभर-सव्वाशे वर्षे सर्वांनाच वाटत आले आहे. मात्र एकदा शिकवून झाल्यावर त्याला पुन्हा बोलवावे, हे फार थोड्यांना सुचले. ज्यांना सुचले त्यांत जामखेडचे आरोळे दांपत्य अग्रभागी आहे आणि प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्यांच्या कार्याविषयी आहे.

आरंभ सुईणीपासून करावा लागतो. इ.स. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविण्यासाठी एक निधी स्थापन झाला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांचे शिक्षण हा त्याचा एक उद्देश होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी कर्झन यांनी महाराणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ आणखी एक निधी उभारला, तो खास परंपरागत सुईणींना शिकविण्यासाठी. वर्ग भरू लागले. वर्गाला येणाऱ्या सुईणीचा दिवस बुडतो म्हणून तिला थोडेफार पैसेही देण्यात येऊ लागले. या वर्गांची आणि एकूणच बाळंतपणाच्या स्थितीची हकीकत १९१८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तिच्यात ठिकठिकाणच्या स्त्री-डॉक्टरांचे अनुभव एकत्र केलेले आहेत. त्यांचा सूर बहुतांशी निराशेचा आहे. सुईणी येत नाहीत, आल्या तर ऐकत नाहीत, ऐकले तरी घरी जाऊन जुनेच करतात, अशा तक्रारी त्यात आहेत.

या तक्रारी खोट्या होत्या, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोषाचे सारे माप सुईणीच्या पदरात घातले गेले, हे मात्र अन्यायाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या सासूकडून सुनेकडे आलेली विद्या चार-दोन महिन्यांच्या व्याख्यानांनी पुसली जाईल, ही अपेक्षाच मुळी भाबडी होती. वर्ग संपला की शिकविणारी आणि शिकणारी यांची गाठ पुन्हा पडत नसे. गावात परतल्यावर अडलेल्या बाईच्या उशाशी बसलेली सुईण एकटीच असे आणि तिच्याभोवती घरातील वडीलधाऱ्या बायका जुन्या रीतीचा आग्रह धरून उभ्या असत. अशा वेळी माणूस कशाला धरून राहील, हे सांगायला मानसशास्त्राची गरज नाही.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे भोर समिती. सर जोसेफ भोर हे १८७८ साली नाशिकला जन्मलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ. पुण्यात शिक्षण घेऊन पुढे ते आय.सी.एस. झाले. मराठी ख्रिस्ती समाजात त्यांचे नाव आज कितीसे घेतले जाते, कोण जाणे! त्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यावरच स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा उभा राहिला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच. त्या वेळी देशात सुमारे ६,००० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, अशी स्थिती होती. समितीने डॉक्टरच्या शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी पदविकाधारक वैद्यांचा, म्हणजे एल.एम.पी. या नावाने आपल्या आजोबा-पणजोबांना परिचित असलेल्या डॉक्टरांचा, छोटा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवावी, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी तिला विरोध नोंदविला होता. दर्जा उंचावला, हे खरे. परंतु तो उंचावलेला डॉक्टर खेड्यात उतरला नाही. २ ऑक्टोबर १९५२ पासून प्राथमिक केंद्रे उघडू लागली, इमारती उभ्या राहिल्या, आणि अनेक ठिकाणी त्यांत डॉक्टरची खुर्ची रिकामी राहिली.

योगायोग असा की, भोर समिती नेमली गेली त्याच १९४३ साली आंध्रातील गुंटूर येथे डॉ. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन धर्मभगिनीने कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. १९२० साली त्या भारतात आल्या, तेव्हा धर्मभगिनीने वैद्यक व्यवसाय करणे चर्चच्या नियमात बसत नव्हते. त्यांना रोमहून खास परवानगी घ्यावी लागली. प्रसूतिशास्त्रासह वैद्यकाची वाट सर्व धर्मभगिनींना १९३६ मध्ये मोकळी झाली. डॉ. ग्लोरी यांनी गुंटूरला कंपाउंडर, परिचारिका आणि सुईणी शिकवून तयार केल्या. रुग्णालयाभोवती असे शिकविणे हे मिशनच्या परंपरेत होतेच. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, गावातच राहणाऱ्या माणसाला शिकवीत राहण्याची रीत मात्र अजून यायची होती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९६० साली त्यांचा विवाह झाला. नंतर नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे त्यांना एक अनुभव वारंवार आला. बरे करून घरी पाठविलेली मुले त्याच हगवणीने, त्याच उपासमारीने पुन्हा दारात येत. आजार रुग्णालयात बरा होत होता आणि घरात पुन्हा तयार होत होता. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० मध्ये परतले आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केले. पहिला दवाखाना गुरांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत भरला.

त्यांची पहिली योजना आज वाचली तर कोणालाही शहाणपणाची वाटेल. गावोगाव एकेक शिकलेली नर्सबाई ठेवायची, तिने गरोदर स्त्रिया आणि मुले यांची काळजी घ्यायची. ही योजना फसली. परगावची, तरुण, एकटी मुलगी गावात सुरक्षित नव्हती. शिवाय तिचे बोलणे, तिचा पेहराव, तिची स्वच्छता या साऱ्यांमुळे गावातील बायका तिच्यापासून दूरच राहत. तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली : आमच्यातलीच एखादी बाई घ्या की! ती निरक्षर असेल, पण ती इथेच राहील. आरोळे यांनी ही सूचना मानली. गावाने निवडलेल्या स्त्रिया बहुधा मध्यमवयीन होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, बऱ्याच दलित. बहुतेकींनी पाटी हातात धरलेली नव्हती.

जामखेडची कीर्ती सांगताना ‘निरक्षर बायकांना डॉक्टरी शिकविली’, एवढेच सांगितले जाते. माझ्या मते त्या कामाचे मर्म दुसरीकडे आहे. या स्त्रियांना शिकवून परत पाठविले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत राहिल्या. एक रात्र तेथेच मुक्काम करीत. आल्या की आधी प्रत्येकीने आपल्या गावाचा आठवडा सांगायचा : कोण बाळंत झाली, कोणाचे मूल दगावले, कोणाचा खोकला हटत नाही, कोणाच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला. धडा या सांगण्यातूनच निघे. हगवणीचा विषय एकदा झाला म्हणून संपला, असे होत नसे. दर पावसाळ्यात तो पुन्हा येई. जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडायचे नसते, उलट मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजत राहायचे असते, हे पहिल्या वेळी ऐकताना अशक्य वाटते, दुसऱ्या वेळी शंकास्पद वाटते, आणि आपल्या हाताने एक मूल वाचविल्यानंतर तिसऱ्या वेळी ऐकताना ते आपलेच ज्ञान होते. नाळ कापण्यासाठी नवे, उकळलेले पाते, गरोदर बाईचा आहार, क्षयाच्या गोळ्या मध्येच न सोडणे, हे सर्व याच रीतीने मुरत गेले. पुस्तकांचा उपयोग नव्हता. चित्रे होती, गाणी होती, आणि एकमेकींचे अनुभव होते.

दुसरे असे की, या शाळेत रस्ता एकेरी नव्हता. गरोदर स्त्रीने भरपूर जेवावे, हे डॉक्टरने सांगणे सोपे आहे. पण घरात सून सर्वांत शेवटी जेवते आणि तोवर भाकरी उरलेली नसते. शिवाय पोटातले मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल या भीतीने ती स्वतःच दोन घास कमी खाते, या गोष्टी त्या सुनेच्या शेजारणीलाच ठाऊक असतात. आठवड्याच्या बैठकीत शेजारीण शिकत होती आणि डॉक्टरही शिकत होते. जातीचा प्रश्नही या मुक्कामातच सुटत गेला. पहिल्या दिवसांत वेगवेगळ्या बसणाऱ्या बायका हळूहळू एका पंगतीला जेवू लागल्या, एका खोलीत एकाच पांघरुणाखाली झोपू लागल्या. कोणत्याही व्याख्यानाने हे साधले नसते. त्यासाठी माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र यावे लागते.

परिणामांचे आकडे पुष्कळांनी उद्धृत केलेले आहेत. प्रकल्पातील गावांत १९७१ साली जन्मणाऱ्या दर १,००० मुलांमागे १७६ मुले वर्ष पुरे होण्याआधी दगावत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. यात पाण्याच्या विहिरी, मुलांचा आहार, लसी या सर्वांचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या लसीसाठी मूल घराबाहेर आणणारी बाई आठवड्याच्या शाळेतूनच गेलेली होती. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा निवडक प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. आणि १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्याची जी घोषणा झाली, तिच्यामागे अशाच प्रयोगांची पुण्याई होती. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

याच सुमारास सरकारनेही धडा घेतला, पण अर्धाच. २ ऑक्टोबर १९७७ पासून देशभर १,००० वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि थोडी औषधे. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्यांच्या मर्जीतले. तीन महिने संपले की शिक्षण संपले. मग औषधांची पेटी रिकामी झाली, शिकलेले विसरले गेले आणि कित्येकजण इंजेक्शने देणारे ‘डॉक्टर’ होऊन बसले. योजनेची नावे दोनदा बदलण्यात आली आणि पुढे ती हळूहळू विरून गेली. जामखेडहून सरकारने बाई घेतली नाही आणि आठवडाही घेतला नाही. घेतली ती फक्त पेटी.

१९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या एक सेविका, मुक्ताबाई पोळ, बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातील झगमगणाऱ्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी त्यांची तुलना आपल्या मातीच्या पणतीशी केली. झुंबर कितीही देखणे असले तरी त्याला दुसरे झुंबर पेटविता येत नाही, पणतीला दुसरी पणती पेटविता येते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ही उपमा आपल्याकडे नवी नाही. पण ती तेथे, त्या श्रोत्यांपुढे, त्या बाईंच्या तोंडून आली, याला वेगळे मोल आहे.

नंतरच्या काळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास शिकविले. टप्प्याटप्प्याने शिकवायचे, गावात जाऊन काम पाहायचे, चुकले तेथे पुन्हा शिकवायचे, अशी त्यांची रीत होती. तेथील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये आशा योजना आली. तिच्यात सुरुवातीचे २३ दिवसांचे शिक्षण वर्षभरात पाच भागांत विभागले होते, आणि पुढे गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बालकाच्या काळजीचे धडेही त्यात आले. १९७७ च्या मानाने ही प्रगती म्हटली पाहिजे. मात्र दरमहा भरणारी आशांची बैठक पुष्कळदा नोंदवह्या आणि तक्ते भरण्यातच संपते, हे त्यांच्याशी दोन घटका बोलणाऱ्या कोणालाही कळेल.

आणि डॉक्टरांचे काय? २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास नव्या ज्ञानासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. जामखेडच्या सेविकेने आठवड्याला पाचच तास शिकण्यात घालविले असे धरले, तरी तिचे ३० तास सहा आठवड्यांत भरत होते.

डॉ. मेबल आरोळे १९९९ साली निवर्तल्या आणि डॉ. रजनीकांत २०११ साली. तोपर्यंत पहिल्या तुकडीतील सेविका म्हाताऱ्या झाल्या होत्या. गावांतून येणाऱ्या नव्या बायकांना आता त्याच शिकवीत. आणि देशोदेशीचे डॉक्टर व परिचारिका प्रशिक्षणासाठी जामखेडला आले, म्हणजे त्यांच्यापुढे बसून बाळाची नाळ, हगवण आणि सुनेचे जेवण समजावून सांगण्याचे कामही त्यांच्याकडेच असे.